साडेसातची पत्रं

अथेन्स, ४ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप काकास,

शिरसाष्टांग नमस्कार. बघ, लिहिलं एकदाचं. आई म्हणाली होती, पत्र म्हणजे पत्रासारखं हवं, 'हाय काका' चालणार नाही.

सेमिस्टर संपलं. ज्यूरीने माझ्या मॉडेलकडे चार मिनिटं बघितलं आणि 'इंटरेस्टिंग' म्हणाले, म्हणजे काय ते तूच समज. हॉस्टेलचा हीटर पुन्हा बंद पडलाय, नव्या बुटांनी टाचेला फोड आलाय आणि मेसमध्ये तीन दिवस बीन्स, बीन्स आणि बीन्स. असो. परवा सकाळी मी बेटांवर चाललेय. आधी नाक्सोस, मग डोनूसा नावाचं एक एवढंसं बेट, तिथून अमोर्गोस आणि बारा तारखेला परत अथेन्स. तिकडच्या दगडी बांधांची स्केचेस करायची आहेत. आर्किटेक्चरवाल्यांना सुट्टीतही सुट्टी नसते.

बाकी आपलं ठरलंय तसंच. परत येईपर्यंत फोन नाही, व्हिडिओ कॉल नाही. दिवाळीत माझा फोन दोन तास बंद होता, तर आईने युनिव्हर्सिटीच्या सिक्युरिटीला फोन लावला आणि तिथला गार्ड माझं दार ठोकायला आला. अख्खा मजला बाहेर. मला तसं पुन्हा नकोय रे. तिचं मला कळतं. बाबा 'सोलापूरला पोचलो की फोन करतो' म्हणून गेला आणि फोन आला तो पोलिसांचा, हे मी विसरलेली नाही. पण मी फोन उचलला की आधी तिचा श्वास सोडल्याचा आवाज येतो, मग 'हॅलो'. तो आवाज ऐकला की मी घरातून निघालेच नाही असं वाटतं.

म्हणून रोज संध्याकाळी तुला एक पत्र. ते तू छापून शनिवार पेठेत नेऊन आईला वाचून दाखवायचंस. आयडिया तुझी आहे, आता कंटाळा करायचा नाही.

तुझी,
ओवी


कसबा पेठ, पुणे, ५ फेब्रुवारी

चि. ओवीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. एक परिच्छेद गाळला, कोणता ते तुला कळेल.

तुझ्या आईची परवानगी काढायला मला तीन संध्याकाळी आणि मंडईतले अर्धा किलो सोलाणे लागले, हे ध्यानात असू दे. सोलाणे सोलले मीच. शेवटी मंदाकिनी म्हणाली, "दादा, तुमच्या शब्दावर पाठवते." तेव्हा तू समुद्रात पडलीस तर बुडणार मी आहे.

तुझ्या बोटींचं वेळापत्रक उतरवून भिंतीला लावलंय. हसू नकोस. स्वारगेटला बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून खुर्ची झिजवली. गाडी सुटल्याची नोंद करायची, पोचल्याची नोंद करायची. सुटलेली गाडी वेळेत पोचली नाही की मला चहा कडू लागायचा. ती खोड निवृत्तीबरोबर जमा करून घेतली नाही कोणी.

एक विचारतो. तुला बोट लागते का गं? कात्रजच्या घाटात पिशवी मागणारी मुलगी तू. खरं कळव. आणि टाचेला काहीतरी लाव.

काका


नाक्सोस, ६ फेब्रुवारी

प्रिय काका आणि आई,

नाक्सोसला सुखरूप पोचले. प्रवास छान झाला. बंदराजवळ एक भव्य संगमरवरी दार आहे, ते सूर्यास्ताच्या वेळी फार सुंदर दिसतं. खोली स्वच्छ आणि उबदार आहे. इथले बटाटे आणि चीज प्रसिद्ध आहेत. लोक अतिशय प्रेमळ आहेत. काळजी नसावी.

ओवी


कसबा पेठ, ७ फेब्रुवारी

चि. ओवीस आशीर्वाद.

काल साडेसातला पत्र, आज साडेसातला पत्र. मिनिटाचा फरक नाही. हे एसटीला जमलं असतं तर माझे केस काळे राहिले असते. शाबास.

आजचं ते संगमरवराच्या खाणींचं पत्रही वाचून दाखवलं. मंदाकिनी 'बरं आहे' म्हणाली आणि नववीच्या गणिताच्या वह्या ओढून बसली. तिचं 'बरं आहे' म्हणजे काय हे मला तीस वर्षांत कळलेलं नाही.

पण बोट लागली की नाही? आणि फोडाचं काय? दोन्ही प्रश्न तसेच राहिले. दगडांबद्दल एवढं लिहितेस, माणसाबद्दल दोन ओळी लिही.

काका


डोनूसा, ८ फेब्रुवारी

प्रिय काका आणि आई,

डोनूसाला सुखरूप उतरले. हे अगदी लहान बेट आहे, दीडशे-दोनशे माणसांचं. पाणी निळंशार आहे. उतरल्याबरोबर बंदराजवळ गरमगरम सूप प्यायले. उद्या सकाळच्या बोटीने अमोर्गोस. काळजी नसावी.

ओवी


अमोर्गोस, ९ फेब्रुवारी

प्रिय काका आणि आई,

आज सकाळी अमोर्गोसला पोचले. समुद्र आरशासारखा शांत होता. डेकवर उभं राहून पूर्ण प्रवास केला. उद्या डोंगरातला प्रसिद्ध पांढरा मठ बघायला जाणार आहे. मी मजेत आहे. काळजी नसावी.

ओवी


कसबा पेठ, ९ फेब्रुवारी

ओवी,

आशीर्वाद नंतर. तू कुठे आहेस?

मी आज सकाळी तिकडचं हवामान बघितलं. पहाटेपासून नऊ नंबरचा, म्हणजे वादळी वारा आहे आणि सगळ्या बोटी बंदरात बांधून ठेवल्यात. डोनूसाहून आज एकही बोट सुटलेली नाही. संगणकावरच्या नकाशात तुझी बोट कालपासून एका जागी उभी आहे. मी मनात म्हटलं, अडकली पोरगी, कळवील संध्याकाळी. आणि साडेसातला तुझं पत्र येतं की समुद्र आरशासारखा.

न सुटलेली गाडी पोचल्याची नोंद मी बत्तीस वर्षांत एकदाच पाहिली. तो माणूस निलंबित झाला.

तुझा फोन लावला, तो बंद आहे. मग सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली. माझ्या एकाही प्रश्नाला तू उत्तर दिलेलं नाहीस. बोट, टाच, काहीच नाही. ही पत्रं तू आधीच लिहून ठेवली आहेस आणि संगणक ती ठरल्या वेळी एकेक सोडतोय. असं करता येतं म्हणे, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या वैजनाथने सांगितलं. मी रागावलेलो नाही. रागावीन, पण सवडीने. आधी दोन शब्द लिही. आत्ताचे.

मंदाकिनीला ते पत्र मी वाचून दाखवलं, आरशासकट. आवाज हलू दिला नाही.

काका


कसबा पेठ, १० फेब्रुवारी

ओवी,

आजही आलं. साडेसातला. तू पांढरा मठ पाहिलास, तीनशे पायऱ्या चढलीस, वरून दिसणारं दृश्य अविस्मरणीय होतं. तिकडे अजून वारा आहे आणि बोटी अजून बांधलेल्या आहेत.

आज पत्र आलं नसतं तर मला बरं वाटलं असतं. न येण्याला काही अर्थ असतो, माणूस त्यावरून काही ठरवू शकतो. ही पत्रं तर तू असलीस तरी येणार आणि नसलीस तरी येणार. हे मला शनिवार पेठेच्या जिन्यात सुचलं आणि मी कठड्याला धरून उभा राहिलो. वरून मंदाकिनी विचारत होती, दादा, दम लागला का? हो म्हटलं.

तुला एक गोष्ट सांगितलेली नाही. तुझा बाबा, आमोद, गेला त्या दिवशी दुपारपासून मी तुझ्या आईला सांगत होतो की रस्ता खराब आहे, टेंभुर्णीला कोंडी असते, पोचला की करेल फोन. मला रस्त्यातलं कळतं म्हणून तिने विश्वास ठेवला. मी हे बोलत होतो तेव्हा तो जाऊन चार तास झाले होते. आता पुन्हा तेच टेबल, तीच खुर्ची, आणि मी तिला सांगतोय की ओवी मजेत आहे.

आज मंडईत गेलो आणि घरी येऊन बघतो तर पिशवीत नुसत्या मिरच्या.

उद्या तिला सांगतो. नाही, काय सांगणार? मलाच काही माहीत नाही. ओवी, बाळा, लिही.

काका


कसबा पेठ, ११ फेब्रुवारी
(हे पत्र तिथल्या बंदर कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवतोय. तुला छापून देतील.)

ओवी,

आहेस. हात मोडून का होईना, आहेस. आधी खाली बसलो, मग चहा केला, मग हे लिहायला घेतलं.

कसं शोधलं ते सांगतो. बेपत्ता गाडीचा पत्ता लावायचा तर ती जिथून गेली असेल त्या स्टँडच्या कंट्रोलरला विचारायचं. बाकी सगळे 'आली असेल, गेली असेल' करतात, त्याच्याकडे नोंद असते. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, पण घरचं माणूस असलं की अक्कल चालत नाही. सकाळी तिन्ही बेटांच्या बंदर कार्यालयांचे पत्ते शोधले आणि इंग्रजीत लिहिलं: ओवी आमोद खांबेटे, वय एकवीस, भारतीय, चष्मा, निळं जर्किन. आपल्याकडे उतरली का? पुढे सुटली का? खाली सही: दिगंबर खांबेटे, निवृत्त वाहतूक नियंत्रक, पुणे.

चाळीस मिनिटांत डोनूसाहून उत्तर. त्या बाईंचं नाव मला वाचता येत नाही, पण नोंद चोख आहे. "उतरली, ८ फेब्रुवारी, १६.१०. पुढे सुटलेली नाही. उजवा हात मनगटापाशी मोडला आहे, बाकी प्रकृती ठीक. ती म्हणते, तिच्या पत्रांवर विश्वास ठेवू नका."

ती पत्रं तू आधीच लिहून ठेवली होतीस हे मी परवाच ओळखलं. तूच लिही आता. जसं आहे तसं.

काका


डोनूसा, १२ फेब्रुवारी

काका,

हे मी दवाखान्यातल्या डॉक्टरच्या मेलवरून लिहितेय, डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत. कालपासून तिसरा प्रयत्न आहे, दोनदा सगळं पुसलं गेलं.

तू ओळखलंस तसंच आहे. चार तारखेला तुला ते पहिलं पत्र पाठवलं आणि लगेच बसून पुढची सातही लिहून टाकली, ट्रॅव्हलच्या साइट्स वाचून. इथल्या चार वाजता जातील असं लावून ठेवलं, म्हणजे तिकडे साडेसात. मला वाटलं, सात दिवस रोज संध्याकाळी नेट शोधत फिरायला नको, आईला वेळेवर पत्र मिळेल, मीही सुटले. इतकी हुशार मी.

आठ तारखेला बोट इथे लागली तेव्हा लाटा उतरायच्या फळीवर येत होत्या. पुढची बाई घाबरून थांबली, मी मागून घसरले आणि धक्क्यावर हातावर पडले. फोन पाण्यात गेला. तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे मी पडायच्या आधी दहा मिनिटं 'सुखरूप उतरले' हे पत्र तुला पोचलेलं होतं. सूपसुद्धा पिऊन झालं होतं माझं.

बोट मात्र लागली, काका. नाक्सोसला जातानाही आणि इथे येतानाही. भयंकर लागली.

इथे एक्स-रे नाही. डॉक्टरने हात फळीला बांधून दिलाय आणि वारा थांबला की नाक्सोसच्या हॉस्पिटलात पाठवणार म्हणतो. मी इरिनी नावाच्या बाईंच्या घरी आहे. त्या पिवळी डाळ घोटून देतात, आपलं वरणच, फक्त वर कच्चा कांदा. पहिल्या दिवशी ते बघून मला रडू आलं.

फोन गेला, आणि मेल उघडायला गेले तर कोड येणार त्याच फोनवर. त्यामुळे पत्रं थांबवता येईनात, तुझी दिसेनात. असं मी लिहून थांबले तर तू मला माफ करशील. पण ते पूर्ण खरं नाही. डॉक्टरने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरी कळवू का? तुझा मेल मला पाठ आहे, मीच काढून दिलाय तुला. मी नको म्हणाले. म्हटलं, पत्रं जातायत, आई शांत आहे, हात बरा झाला की सांगू. मला ते सोयीचं वाटलं. त्या पत्रांतली ओवी किती छान होती. तिला भीती वाटत नव्हती, तिच्यावर कोणी चिडत नव्हतं. मी इथे पांघरुणात रडत होते आणि ती मठ बघत होती.

काल बंदरावरच्या बाई तुझा कागद घेऊन आल्या. 'निवृत्त वाहतूक नियंत्रक' एवढंच वाचलं आणि मी इतकी रडले की त्यांना वाटलं हात दुखतोय.

एकच ऐक. आईला एवढ्यात सांगू नकोस. एक्स-रे होऊ दे, मग मी सांगते.

ओवी


कसबा पेठ, १३ फेब्रुवारी

चि. ओवीस आशीर्वाद.

तुझी विनंती नामंजूर. ती कशी नामंजूर झाली ते ऐक.

काल साडेसातला तू अथेन्सला सुखरूप पोचलीस. शेवटचं पत्र. आणि सव्वाआठला तुझं हे खरं आलं. दोन्ही छापून खिशांत घातली, डाव्यात एक, उजव्यात एक, आणि उशीर झाला म्हणून रिक्षाने गेलो. जेवणाच्या टेबलाशी बसलो, डावीकडचं काढलं. 'अथेन्सला सुखरूप पोचले, सर्व बेटं फार आवडली.' पुढची ओळ वाचता येईना. तो कागद घडी करून ठेवला. मग मी दुसरं काढलं आणि सगळं वाचलं, पडल्यापासून ते 'आईला सांगू नकोस'पर्यंत.

ती रडली नाही. उठून पाणी आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "दादा, मला तिसऱ्या पत्राला कळलं होतं. माझी मुलगी तीन दिवस एका गोष्टीबद्दल कुरकुरत नाही? खोली उबदार, लोक प्रेमळ. हे ती लिहीत नाहीये."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. तर म्हणाली, तुमचा चेहरा बघितला. तुम्ही इतकं करून वाचताय, तर ऐकावं. तुम्हाला बीपी आहे.

रोज मधल्या सुट्टीत शाळेच्या ऑफिसातून ती तुझा बंद फोन लावत होती. मी माझ्या घरून लावत होतो. आणि संध्याकाळी टेबलाशी समोरासमोर बसून आम्ही दोघं तुझ्या मठाचं कौतुक करत होतो. शहाणी माणसं म्हणवून घेतो आम्ही.

आमोदच्या दिवशीचं मी तिला काल सांगितलं. मी खात्रीने बोलत होतो आणि मला काही माहीत नव्हतं, हे. ती म्हणाली, तेही तिला माहीत होतं. तेव्हाही ती माझ्यासाठीच गप्प होती.

सोबत तिचं पत्र आहे. मी वाचलेलं नाही.

काका


कसबा पेठ, १३ फेब्रुवारी

ओवी,

दादांना बाहेर बसवून त्यांच्या संगणकावर लिहितेय.

एक्स-रेचा रिपोर्ट आला की त्याचा फोटो पाठव. डॉक्टरचं नाव कळव. इरिनीबाईंना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्या घरची भांडी घासायला जाऊ नकोस, एका हाताने फोडशील.

तू मला फसवलंस याचा मला राग आला आहे. तो आठवडाभर तरी राहील. पण तू पांघरुणात रडत होतीस आणि मी इथे वह्या तपासत होते, याचा जास्त आला आहे, आणि तो कोणावर काढायचा ते मला समजत नाही.

दादांनी तुझं पहिलं पत्र वाचताना एक परिच्छेद गाळला. कागद टेबलावरच राहिला होता, मी वाचला. माझ्या श्वासाचं खरं आहे. तो मी थांबवू शकत नाही, पण फोन लांब धरू शकते. तुझा बाबा गेल्यापासून मला भीती वाटते. तू कितीही छान पत्रं लिहिलीस तरी ती जात नाही, म्हणून ती घालवण्यासाठी तू काही लिहू नकोस. ती माझी आहे, मी सांभाळते.

यापुढे पोचलीस की कळवू नकोस. पडलीस, चुकलीस, अडकलीस की कळव. वेळ ठरवून नको. वाट्टेल तेव्हा.

आई


नाक्सोस, १७ फेब्रुवारी

आई,

मी ठीक नाहीये.

तीन दिवसांपूर्वी वारा थांबला आणि मला इथल्या हॉस्पिटलात आणलं. एक्स-रेचा फोटो सोबत जोडलाय. हाड दोन ठिकाणी मोडलंय आणि सरकलंय, धातूची पट्टी घालावी लागेल म्हणतात. उद्या सकाळी अथेन्सला नेणार, परवा अकराला ऑपरेशन. डॉक्टर चांगले वाटतात, पण आपापसात ग्रीकमध्ये बोलतात आणि मग माझ्याकडे बघून हसतात, ते मला आवडत नाही. उशी कडक आहे. शेजारच्या पलंगावरची म्हातारी दिवसभर टीव्ही लावून ठेवते. सूप खारट आहे.

हाताची बोटं नीट हलत नाहीत. ती तशीच राहिली तर ड्रॉइंग कसं करणार, हे मी कोणाला विचारलेलं नाही, कारण उत्तर ऐकायचं नाहीये. हे काकालाही सांगितलेलं नाही. पहिलं तुलाच सांगतेय.

व्हिसाला किती दिवस लागतात मला माहीत नाही आणि तुझ्या शाळेत दहावीच्या परीक्षा आहेत हेही माहीत आहे. तरी विचारते. तू येशील?

नवीन फोन मिळाला, नंबर खाली आहे. मला फार भीती वाटतेय. आत्ता फोन कर.

ओवी